खडकाखालचं पाणी

त्या गावच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा पहिला आठवडाभर मला तलाव दिसलाच नाही. शाळा तलावाच्या मातीच्या भिंतीला पाठ लावून बांधलेली. वर्गाच्या खिडकीतून नुसता गवताचा उतार आणि त्यावर चरणाऱ्या शेळ्या दिसायच्या. मधल्या सुट्टीत मुलं डबे घेऊन कुठे गायब होतात ते बघावं म्हणून एके दिवशी मी त्यांच्या मागोमाग भिंत चढून वर गेले आणि समोर एकदम पाणी आलं. पार पलीकडच्या डोंगरापर्यंत पाणी. कडेच्या उथळात लाल लांब पायांचे शेकाटे पक्षी चालत होते, आणि मुलं त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता भाकरी खात बसली होती.

राणीसावरगावच्या पुढचं हे गाव. मी गंगाखेडहून रोज बसनं यायची. माझी मावशी याच गावात दिलेली, त्यामुळे गाव अगदीच परकं नव्हतं. गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती, तिथे तिचं घर. तिच्या मुलाला मी दादा म्हणते. दादाला जमीन नाही. उन्हाळ्यात तलाव मागे सरकला की जो ओला गाळ उघडा पडतो, त्यात वस्तीतली काही घरं टरबूज, काकडी लावायची. गाळपेर म्हणतात त्याला. पाऊस आला की ती जमीन पुन्हा पाण्याखाली जायची. वर्षातले काही महिने दादा शेतकरी असायचा आणि बाकीचे महिने दुसऱ्याच्या शेतात मजूर.

आणि त्याच गावात मला ती भेटली. तिचं घर गावातलं मोठं, जमीन तलावाच्या डाव्या अंगाला लागून. शाळेच्या समितीची ती अध्यक्ष होती. अध्यक्ष बाई असल्या की सह्या नवरा करतो, हे मी दोन-तीन शाळांमध्ये बघितलं होतं. ही स्वतः यायची. पहिल्याच बैठकीला तिनं मला विचारलं, "मॅडम, तुमी भिंतीवर जाऊन काय बगता रोज?"

मी म्हटलं, "पक्षी."

"मला दाखवा की."

तिचं लग्न कॉलेजच्या पहिल्या वर्षाला झालेलं. प्राणिशास्त्र घेतलं होतं म्हणे. एका बेडकाची चिरफाड केली आणि पुढच्या महिन्यात हळद लागली. हे ती हसत हसत सांगायची. पुण्यात नोकरीला असलेल्या भावाकडून तिनं दुर्बीण मागवून घेतली. दुर्बीण आली त्या दिवशी आम्ही दोघी भिंतीवर एका डोळ्याला ती, एका डोळ्याला मी, असं भांडत बघत बसलो होतो. पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, थंडीत येणारे नारिंगी चक्रवाक. नाव सांगितलं की ती ते पुटपुटून पाठ करायची.

एक दिवस तिनं न विचारताच माझ्या डब्यातली भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि खाल्ली. पुढच्या आठवड्यात मला घरी नेलं. मी सवयीनं ओसरीवर टेकले तर म्हणाली, "अगं, तिथं कामून बसलीस? आत ये, चुलीपाशी." तिची सासू आत होती. सासूनं माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं आणि उठून देवघरात गेली. हिनं जणू काही झालंच नाही अशा थाटात मला पाट दिला. त्या दिवसापासून 'मॅडम' गेलं आणि 'अगं' आलं. मला या गोष्टीचं किती वाटलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. मावशीला तेवढं सांगितलं. मावशी म्हणाली, "बरं हाय. पर जपून."

माझ्या तिथल्या दुसऱ्याच उन्हाळ्यात तलाव पार तळापर्यंत आटला. भोवतालच्या शेतांच्या सगळ्या पाण्याच्या मोटारी त्याच्यावर. तळाशी भेगा पडल्या, आणि मच्छीमार सोसायटीतल्या लोकांनी चिखलातून उरलेले मासे हातानं उपसून काढले. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला, पण नुसतं पाणी भरलं. अंडी घालायला जुने मासेच राहिले नव्हते. सोसायटीनं रोहू-कटल्याचं बी सोडलं, ते वाढायला वेळ लागणार. त्या थंडीत पाणी भरपूर होतं, तरी पाणकावळे आले ते दोन दिवस बसून निघून गेले. चित्रबलाक तर उतरलेच नाहीत.

ती म्हणाली, "पाणी दिसायलंय यांना, मग कामून थांबनात?"

"खायला काही नाही ना त्यात."

पुढच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. बायका सहसा मागे बसतात तिथे, ही पुढे गेली. तलावात मधोमध म्हशीच्या पाठीसारखा एक काळा खडक आहे. पाणी त्या खडकाच्या पायाला लागलं की सगळ्या मोटारी वर काढायच्या, त्याच्याखालचं पाणी जनावरांना, माशांना आणि पाखरांना, असं ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "पहिली मोटर आमची निघंल." उन्हाळ्यात पाणी खडकाला लागलं, त्या दिवशी खरंच निघाली. तिच्या नवऱ्यानं चार माणसं लावून ती बैलगाडीत घालून घरी नेली. मग हळूहळू बाकीच्यांच्याही निघाल्या. काही जणांनी कुरकुर केली, पण अख्खं मोठं घर पुढे झाल्यावर कोण अडणार?

पुढची काही वर्षं चांगली गेली. माझ्या नोकरीतली तीच चांगली वर्षं, असं मला आजही वाटतं. खडकाखालचं पाणी खोल, त्यामुळे वैशाखातही ते तळाशी गार राहायचं. मासे तिथे दडून उन्हाळा काढायचे. पाणगवतात मरळ आपली लालसर पिल्लं घेऊन फिरायची. पिल्लांचा पुंजका वर यायचा आणि खाली आई. खडकाच्या बाजूला वाळूचा एक उंचवटा होता, तोही पाण्यानं वेढलेला राहायचा. नदीसुरय त्यावर अंडी घालू लागल्या. पिवळ्या चोचीचे, काळ्या टोपीचे ते पक्षी घरटं बांधत नाहीत, वाळूत नुसता खळगा करतात. भोवती पाणी असलं की कुत्रं, कोल्हं पोचत नाही, एवढाच त्यांचा बंदोबस्त. आम्ही मुलांना आळीपाळीनं दुर्बिणीतून पिल्लं दाखवायचो. ढुंकून न बघणारी मुलं आता मला सकाळी बसमधून उतरतानाच सांगायची, "मॅडम, आज नवीन आलंय एक."

मग ते वर्ष आलं. पाऊस पोळ्यापर्यंत बरा होता आणि नंतर जो गेला तो गेलाच. माघातच पाणी खडकाला लागलं. मोटारी निघाल्या. तिच्या नवऱ्यानं आपली मोटर सगळ्यांच्या आधी काढली, गावाच्या डोळ्यांदेखत.

पण पाणी थांबेना. रोज भिंतीवर चढलं की कडेला ओल्या चिखलाचा नवा पट्टा दिसायचा. मी तिला म्हटलं, "मोटारी बंद आहेत ना सगळ्या?"

"ऊनच लय हाय यंदा," ती म्हणाली. "उडून जायलंय पाणी."

मला ते पटलं. ऊन खरंच होतं.

त्याच दिवसांत चित्रबलाक उतरले. आधी कधी आले नव्हते एवढे. पिवळ्या लांब चोची, पंखाच्या टोकाशी गुलाबी, आणि सगळे ओळीनं गुडघाभर पाण्यात. मागे बगळे, चपट्या चोचीचे चमचे पक्षी, पाणकावळ्यांचे थवे. पाणी आक्रसलं की सगळे मासे थोड्या जागेत कोंडतात आणि पाखरांना चोच घालायचा अवकाश, इतकं सोपं होतं ते. मला हे कळत होतं, तरीही इतकी पाखरं एका जागी बघून मी वेडी झाले होते. ती माझ्या शेजारी उभी होती. दुर्बीण खाली करून माझा हात धरून ती म्हणाली, "बघ. आपण राखलं म्हणून आलेत."

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

चैत्रात एका रविवारी तिनं मला शेतात जेवायला बोलावलं. तलावाच्या डाव्या अंगाला तिची मोसंबीची बाग. मधे एक विहीर, विहिरीवर जांभळाची सावली. सगळं रान करपलेलं आणि ही बाग मात्र काळीभोर हिरवी. झाडांना सुपारीएवढी फळं धरलेली. मी म्हटलंसुद्धा, "विहिरीला भारी पाणी आहे गं तुमच्या." ती म्हणाली, "देवाची कृपा." आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. तिच्या घरचा गडी जवळच ठिबकचा फिल्टर उघडून धूत होता. फिल्टर म्हणजे आत बारीक जाळीचं नळकांडं असलेला डबा; पाण्यातला कचरा त्यात अडकतो. त्यानं जाळी काढून दगडावर आपटली, आणि माझ्या पायापाशी काहीतरी चमकलं.

मी वाकून बघितलं. चिलापी माशाची नखाएवढी पिल्लं, चेंगरलेले झिंगे आणि पाणगवताचे तुकडे.

"विहिरीत झिंगे कुठून आले?" मी विचारलं.

तिचा घास हातात राहिला. गडी बिचारा कामाच्या नादात होता. तो म्हणाला, "तलावातनं येतेत की बाई. आडव्या बोअरातनं. रोजच निघतेत."

विहिरीच्या तळातून आडवं भोक पाडून तलावाच्या पोटापर्यंत पाइप घातला होता. वरून काही दिसत नाही. तलावावर मोटर नाही, काठावर पाइप नाही. विहीर मात्र आटत नाही. तलावात पाणी असेपर्यंत ती आटणारच नाही.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं गड्याला हातपाय धुवून घरी जायला सांगितलं. तो गेल्यावर म्हणाली, "एवढी मोठी झाली गं झाडं. मी रोप असल्यापासून वाढवलेत. जाळून टाकू का?"

"कधीपासून आहे हे?"

तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"आपण खडक ठरवला तेव्हापासून?"

"ठरवल्यावर दुसऱ्या वर्षी घेतलं ह्यांनी."

म्हणजे ती सगळी चांगली वर्षं. आम्ही शेजारी शेजारी बसून बघितलेली सगळी पिल्लं. एरवी पाऊस बरा होता म्हणून कळलं नाही, एवढंच. मला वाटतं मी त्या वेळी रडले नाही. मी ताट बाजूला सारलं.

"एक बोअर हाय," ती म्हणाली. "एका बोअरानं तलाव आटतो का?"

"खडकाखाली आता पाणी उरलंय किती? त्यात हे ऊन. कोंडलेल्या पाण्यात मासे किती दिवस काढतील? शेवाळ बघितलंस ना, पाणी हिरवं झालंय. एखादं आभाळ आलं, वारा पडला, की धाप लागून मरतील ते."

तिनं माझे दोन्ही हात धरले. "बंद करते. उद्यापासून बंद. लेकरांची शपथ. तू फक्त गावात बोलू नको. मीच बोलले होते सभेत. माझी इज्जत जाईल."

मी गावात बोलले नाही. तिनं लेकरांची शपथ घेतली होती, आणि मला तिच्यावर विश्वास ठेवायचाच होता. त्यानंतर ती भिंतीवर आली नाही. घरात पाहुणे आहेत म्हणून निरोप यायचा. पाणी खाली जातच राहिलं. वाळूच्या उंचवट्याभोवतीचं पाणी आटून एका बाजूनं जमीन उघडी पडली आणि एका सकाळी त्या जमिनीवर कुत्र्यांच्या पावलांची रांग दिसली. सुरय वरती ओरडत घिरट्या घालत होत्या. खळग्यांत टरफलं होती.

वैशाखात आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसता उकाडा. सकाळच्या शाळेला मी बसमधून उतरले तर मुलं शाळेत नव्हतीच, सगळी भिंतीवर होती. वर गेले. उरलेल्या पाण्याच्या सगळ्या पृष्ठभागावर माशांची तोंडं उघडमीट करत होती. रोहू, कटले, लहान-मोठे, सगळे वर येऊन हवा शोधत होते. उन्हात तापलेल्या पाण्यात आधीच प्राणवायू कमी, आणि रात्रीतून शेवाळानं उरलासुरलाही ओढून घेतलेला. बलाक आणि बगळे मधे उभे होते आणि खात होते, हवं तेवढं. दुपारपर्यंत माशांची पोटं वर आली. दुसऱ्या दिवशी काठ पांढरा झाला होता आणि वास शाळेत यायला लागला होता. तिसऱ्या दिवशी बलाक उडाले. एकामागून एक उठले, वर गोल फिरले आणि गोदावरीच्या दिशेनं गेले. मागे कावळे, घारी आणि गावातली कुत्री उरली.

ग्रामपंचायतीपुढे बैठक बसली. मच्छीमार सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा वर्षभराचा माल सडून गेला होता. ते म्हणाले, "गाळात टरबूज लावणाऱ्यांनी औषध फवारलं. ते पाण्यात उतरलं. दुसरं काय?"

सगळ्या माना दादाकडे वळल्या. वस्तीतली चार-सहा माणसं मागे भिंतीला टेकून उभी होती. दादा म्हणाला, "आमी फवारलंच न्हाई. टरबुजाचा हंगाम संपलाय, वेल वाळायलेत. कशाला फवारू?"

"मग मासे काय उगंच मेले?" कुणीतरी ओरडलं. "काढा यांना गाळातून. सरकारी जमीन हाय, बापाची न्हाई."

ती पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. नवरा शेजारी. मी बायकांमध्ये उभी होते, तिथून मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. मी वाट बघितली. मला खरंच वाटत होतं की ती उठेल. तिनं सगळं सांगावं अशी माझी अपेक्षा नव्हती. 'यांनी काही केलं नाही' एवढं जरी ती म्हणाली असती तरी पुरे होतं. तिचा शब्द गावात चालायचा. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. दादाच्या अंगावर दोघं जण धावून गेले, इतरांनी त्यांना आवरलं. ती खाली बघत होती.

मग मी बोलले. म्हटलं, "तलावाच्या चिखलात जाऊन बघा. मरळ जिवंत आहेत. विष असतं तर त्या पण मेल्या असत्या. मरळ वर येऊन हवा घेते, म्हणून ती राहिली. बाकीचे गुदमरून मेले, कारण पाणीच राहिलं नाही. आणि पाणी का राहिलं नाही ते विहिरी उघडून बघा. आडवे बोअर बघा."

मला वाटलं होतं गोंधळ होईल. लोक तिच्या नवऱ्याला जाब विचारतील. तसं काहीच झालं नाही. कुणी माझ्याकडे बघेना. कुणी चपलेनं माती उकरत होतं, कुणी फोन काढून बघत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांच्यातल्या बहुतेकांना हे नवीन नव्हतं. तलावाला लागून ज्यांची ज्यांची शेतं होती, त्या बहुतेकांच्या विहिरीला आडवं बोअर होतं. तिच्या घराचं बघून इतरांनी घेतलं होतं, की इतरांचं बघून तिच्या घरानं, कोण जाणे. सभेत मोटारी वर निघत होत्या आणि जमिनीखालून पाणी चाललं होतं, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, सोसायटीच्या लोकांना आणि वस्तीला.

सरपंच खाकरले. "मॅडम, तुमी शाळेचं बगा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, समजूत होती. "पाण्यातलं तुमाला काय कळतंय?"

सोसायटीचे म्हातारे माझ्याकडे टक लावून बघत राहिले. त्यांना पटलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण ते खाली बसले. ज्यांच्या विहिरी होत्या त्यांच्याच दारात त्यांना उद्या मासे विकायला जायचं होतं. बैठकीनं ठरवलं की पुढच्या वर्षीपासून गाळात कुणी काही लावायचं नाही. त्याच संध्याकाळी कुणीतरी दादाच्या वेलांवर गुरं सोडली. थोडी टरबुजं राहिली होती, ती खुरांनी फुटली.

मी मावशीकडे गेले. वाटलं, ती पाठीवरून हात फिरवील. ती चुलीपुढे बसून होती. म्हणाली, "तू कशाला बोललीस?"

"मग काय गप्प बसायचं होतं? दादाला मारायला निघाले होते."

"मारलं असतं, दोन दिवसांत इसरले असते. आता तिच्या शेतात बी काम न्हाई आमाला. तू सांजच्या बसनं जाशील. आमाला हितं ऱ्हायचंय."

दादा बाहेर बाजेवर बसून होता. तो मात्र म्हणाला, "बोलली ते बराबर केलं." पण त्यालाही माझ्याकडे बघवत नव्हतं, कारण आता काय, हे त्याला दिसत होतं. पुढच्या महिन्यात तो घर बंद करून बायकोला घेऊन परभणीला गेला. तिथे बांधकामावर आहे तो अजून.

ती एकदाच शाळेत आली, समितीच्या सहीसाठी. मुलं बाहेर खेळत होती, वर्गात आम्ही दोघीच.

"बंद केलं होतं मी," ती म्हणाली. "आठवडाभर. मग झाडांनी पानं मुरगळली, तर ह्यांनी परत चालू केलं."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगणार होते?"

"दादाबद्दल तरी बोलायचंस. ते तर झाडांचं नव्हतं ना."

तिनं सही केली. पेनाचं टोपण लावलं. आणि म्हणाली, "तुला वाटतं तेवढं माझं चालत न्हाई गं घरात." मग निघून गेली. हे खरं असेल. पण ग्रामसभेत ती पुढे जाऊन उभी राहिली होती तेव्हाही घर तेच होतं.

मी विनंती बदली मागितली आणि पूर्णा तालुक्यात, चुडाव्याजवळच्या एका गावात मिळाली. पुढच्या पावसाळ्यात तो तलाव भरून सांडव्यावरून वाहिला, हे मावशीकडून कळलं. सोसायटीनं पुन्हा बी सोडलं. मोसंबीला चांगली फळं आली. सुरय परत आल्या का, हे मावशीला विचारण्यात अर्थ नव्हता; तिला ती पाखरं कधी वेगळी ओळखूच आली नाहीत. गाळ उन्हाळ्यात उघडा पडतो, आणि त्यात आता मोठ्या घरांची गुरं चरतात.

मागच्या वर्षी सेलूला एका शिक्षिकेच्या मुलीचं लग्न होतं. मंडपात शिरले तर ती दिसली. तिनंही मला बघितलं, आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी जाऊन बसले. न बसण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बसायचं होतं. तिच्या केसांत पांढरं आलं होतं.

"अजून राग हाय?" तिनं विचारलं.

"राग गेला."

"मग फोन कामून करत न्हाईस?"

मंगलाष्टकं चालू होती, त्यामुळे मला जरा मोठ्यानं बोलावं लागलं. मी म्हटलं, "पाण्याचं मी समजू शकते. झाडं कुणालाही जाळवत नाहीत. पण ती पाखरं उतरली तेव्हा माझा हात धरून तू म्हणालीस, आपण राखलं म्हणून आलेत. ते कशाला म्हणालीस?"

तिनं हातातल्या अक्षता टाकल्या नाहीत. लोक टाकत होते, ती मूठ धरून बसली होती. म्हणाली, "तू इतकी खूश होतीस. आणि मला बी वाटायचं गं तेव्हा, की खरंच आपण राखलं. मी तिथं उभी असले की मला तसंच वाटायचं."

मला वाटतं ती खोटं बोलत नव्हती. आम्ही शेजारी बसून जेवलो. तिनं वाढप्याला बोलावून मला मठ्ठा वाढायला सांगितलं. मला मठ्ठा लागतो हे तिच्या लक्षात होतं. गाडीची वेळ झाली म्हणून मी लवकर उठले. ती म्हणाली, "ये ना एकदा. यंदा पाणी लय हाय." मी म्हटलं, "बघू."

मी गेले नाही. सणासुदीला तिचा फोन येतो आणि मी उचलते. मुलांचं विचारते, तिच्या गुडघेदुखीचं विचारते, तीही माझ्या नवऱ्याच्या साखरेचं विचारते. तलावाचं ती काढत नाही, मीही काढत नाही. बोलणं नीट होतं, कुठे अडत नाही. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ मला कशालाही हात लावावासा वाटत नाही.